सिनेमासारखा व्हिडिओ: कॅमेऱ्याआधी खिडकी बघा

बारावी संपली की घरात एक मागणी हमखास पुढे येते. पूर्वी मुले सायकल मागत, मग संगणक मागू लागली, आता कॅमेरा मागतात. तोही साधासुधा नाही, भिंगे बदलता येणारा, ५०-६० हजारांच्या पुढचा. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, "बाबा, फोनवर काढलेला व्हिडिओ सिनेमासारखा दिसतच नाही."

बाबा मुलाच्या फोनवरचे चित्रण बघतात. ऐंशी वर्षांची आजी पोळपाटावर पुरणपोळी लाटते आहे. चित्र स्वच्छ आहे, पोळीवरच्या पिठाचा कणन् कण दिसतो आहे, तरीही सारे दुकानातल्या पाळतीच्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखे वाटते. दोन मिनिटांत बाबांचे लक्ष उडते. मुलाचे म्हणणे खोटे नाही. निदान मात्र चुकले आहे. तोच मुलगा त्याच स्वयंपाकघरात, त्याच ट्यूबलाइटखाली साठ हजारांचा कॅमेरा घेऊन उभा राहिला, तर साठ हजारांचे पाळतीचे चित्रण मिळेल, एवढाच फरक.

हे आधीच समजून घेतलेले बरे, कारण प्रश्न फक्त पैशांचा नाही. लग्न-मुंजींच्या चित्रीकरणावर आज कितीतरी तरुणांचा संसार चालतो, आणि मुलगा त्या वाटेने जाणार असेल तर पहिल्या सहा महिन्यांतल्या सवयी पुढे वर्षानुवर्षे त्याच्या हातात राहतात. शिवाय आजीचे वय काही थांबून राहत नाही. घरोघरी अशी तासन् तासांची चित्रणे फोनमध्ये पडून आहेत. काढली सगळ्यांनी, दुसऱ्यांदा बघितली कोणीच नाहीत.

सिनेमा आणि व्हिडिओ यांच्यातला फरक मध्यमवर्गाच्या डोळ्याला पहिल्यांदा खुपला तो व्हीएचएसच्या जमान्यात. १९८०-९०च्या दशकांतल्या लग्नाच्या कॅसेटी आठवून बघाव्यात. व्हिडिओवाल्याच्या मागे एक पोऱ्या हॅलोजनचा झगझगीत दिवा धरून फिरत असे. तो दिवा पंगतीत जेवणाऱ्याच्या थेट तोंडावर आला की घास हातातच राही, डोळे मिटत आणि चेहरा पुठ्ठ्यासारखा सपाट दिसे. त्या काळी आपल्याकडच्या व्हिडिओत चित्राचे सेकंदाला ५० अर्धे तुकडे नोंदले जात, तर सिनेमात सेकंदाला २४ पूर्ण चित्रे. त्यामुळे व्हिडिओतली हालचाल गुळगुळीत, 'आत्ता समोर चालले आहे' अशी वाटे आणि सिनेमातली किंचित स्वप्नातल्यासारखी. हे २४ आणि ५०चे गणित खरे आहेच. पण पोऱ्याच्या हातातला दिवा त्याहून मोठा गुन्हेगार होता, आणि तो आजही सुटलेला नाही. फक्त त्याच्या जागी छताला लावलेला एलईडी आला आहे.

बाविशीतला नवशिका

नवशिक्याने चांगल्या यंत्राशिवाय हात चालवायचाच नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी सुव्रत मित्र यांची हकिकत जरूर वाचावी. १९५२च्या ऑक्टोबरात सत्यजित राय यांनी 'पाथेर पांचाली'चे चित्रीकरण सुरू केले, तेव्हा मित्र जेमतेम बाविशीचे होते. त्यापूर्वी त्यांनी चित्रपटाचे छायालेखन कधीही केलेले नव्हते. राय यांचाही तो पहिलाच चित्रपट. ते जाहिरात संस्थेत नोकरीला होते आणि सुट्टीच्या दिवशी चित्रीकरण करत.

मित्र यांच्याजवळ अनुभव नव्हता, पण बघण्याची सवय होती. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार बंगालमध्ये 'द रिव्हर' (१९५१) चित्रित करत होते, तेव्हा हा मुलगा काम मागायला गेला. काम मिळाले नाही. बघत उभे राहायची परवानगी तेवढी मिळाली. तो उभा राहिला. दिवे कुठे ठेवले आहेत, नट कुठून कुठे गेला, कॅमेरा कसा सरकला, याची टिपणे आणि रेखाचित्रे त्याने वहीत उतरवून घेतली. ही वही म्हणजेच त्याची शाळा. आजच्या मुलांना घरबसल्या हजारो चित्रपट बघता येतात. पण ते थांबवून नायिकेच्या कोणत्या गालावर उजेड आहे आणि कोणत्या गालावर सावली, हे कागदावर काढून बघणारा विरळाच.

खरी कसोटी लागली ती दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी. 'अपराजितो' (१९५६) मध्ये काशीतले एक जुने घर आहे. मधोमध चौक, भोवती खोल्या. अशा घरात ऊन थेट उतरत नाही. वरच्या आकाशाच्या तुकड्यातून मऊ, सावली न पाडणारा उजेड खाली झिरपतो. कोकणातल्या चौसोपी घरांत किंवा पुण्यातल्या जुन्या वाड्यांत राहिलेल्यांना हा उजेड नेमका आठवेल. पावसाळ्याच्या धास्तीने कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ते घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारायचे ठरवले. मित्र यांनी विरोध केला. आकाशाचा उजेड स्टुडिओत आणायचा कसा? त्या काळच्या पद्धतीने वरून दिवे रोखले असते, तर प्रत्येक माणसाच्या मागे तीन-तीन सावल्या पडल्या असत्या, आणि काशीचे घर नाटकाच्या नेपथ्यासारखे दिसले असते.

मग त्यांनी मार्ग काढला. चौकाच्या वर चौकटीत ताणून पांढरे कापड बांधले, म्हणजे जणू आकाशच. दिवे माणसांवर न रोखता खालून त्या कापडावर रोखले. कापडावर आपटून परतलेला उजेड चौकात उतरला तो अगदी खऱ्या आकाशाचा असल्यासारखा. चित्रपट बघणाऱ्याला आजही शंका येत नाही. पुढच्याच वर्षी 'अपराजितो'ला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. उजेड आपटवून घेण्याची ही युक्ती आज जगभर रोजच्या वापरात आहे. तिचे साहित्य काय, तर एक पांढरे कापड.

घरातले आकाश

आता पुन्हा स्वयंपाकघरात येऊ. आजीला ट्यूबलाइटखालून उठवून खिडकीपाशी बसवावे. खिडकी तिच्या समोरही नको आणि पाठीमागेही नको, एका बाजूला हवी. समोर असेल तर चेहरा सपाट होतो, मागे असेल तर काळवंडतो. बाजूने उजेड आला की अर्धा चेहरा उजळतो, उरलेला हलकेच सावलीत जातो, आणि नाक, गालाची हाडे, सुरकुत्या यांना आकार येतो. मग घरातले सगळे दिवे बंद करायचे. नवशिक्याला हे उलटे वाटते, कारण 'उजेड जितका जास्त तितके चांगले' हे त्याच्या मनात बसलेले असते. पण खिडकीचा उजेड निळसर असतो, बल्बचा पिवळा, ट्यूबचा कधीकधी हिरवट. तिन्ही एकत्र आले की चेहऱ्याचा रंग आजारी माणसासारखा होतो, आणि नंतर कितीही सुधारले तरी तो पुरता सुधारत नाही.

खिडकीतून थेट ऊन येत असेल तर तिच्यावर पांढरी चादर किंवा आजोबांचे जुने धोतर ताणून बांधावे. उन्हाचा झोत मऊ होतो. चेहऱ्याची सावलीची बाजू फारच काळी वाटली, तर त्या बाजूला कोणाला तरी पांढरा पुठ्ठा धरून उभे करावे. खिडकीचा उजेड त्यावर आपटून गालावर परत येतो. पुठ्ठा जवळ आणला की सावली फिकट, लांब नेला की गडद. दहा मिनिटे हा खेळ केला की मुलाला जे कळते, ते कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत सापडणार नाही.

कधी चादरीऐवजी आरसाही कामाला येतो. गुरुदत्त यांच्या 'कागज के फूल' (१९५९) मध्ये गीता दत्त यांच्या आवाजातल्या गाण्याच्या वेळी रिकाम्या स्टुडिओत वरून एक जाड प्रकाशझोत उतरतो. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी तो दिव्यांनी केलेला नाही. मोठे आरसे लावून बाहेरचे ऊन आत वळवले आहे. पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मूर्ती यांना मिळाला. छायालेखकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

बाहेर चित्रण करायचे असेल तर भर दुपार टाळावी. डोक्यावरचे ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पाडते. सकाळचा पहिला तास, संध्याकाळचा शेवटचा, किंवा मग सरळ झाडाची सावली. ढगाळ दिवस तर नवशिक्याला देणगीच आहे. साऱ्या आकाशाचेच कापड झालेले असते.

फोनला गप्प बसवणे

उजेड जमला की यंत्राकडे वळायला हरकत नाही. फोनचा कॅमेरा अतिशहाणा असतो. आजीने पांढऱ्या पदराने कपाळ पुसले की तो चित्र काळे करतो, पदर खाली गेला की उजळतो. हा चढउतार म्हणजेच घरगुती व्हिडिओची सही. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरले की उजेड आणि फोकस जागच्या जागी कुलूपबंद होतात. एवढी एक गोष्ट केली तरी निम्मा फरक दिसतो.

मग आकड्यांचे काम. फोन सहसा सेकंदाला ३० चित्रे घेतो. पुष्कळ फोनमध्ये २४चा पर्याय असतो, तो निवडावा. शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी भिंग किती वेळ उजेड घेणार तो काळ, हाताने ठरवता येत असेल तर सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवावा. सिनेमाचा रिवाज असा की चित्राच्या निम्मा वेळ शटर उघडे, म्हणजे २४ चित्रांना साधारण अठ्ठेचाळिसावा भाग. त्यामुळे हलणारा हात किंचित पुसट उमटतो आणि हालचाल डोळ्याला सलग वाटते. आपल्याकडे पन्नासावा भाग दुहेरी उपयोगी पडतो. भारतातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते आणि चित्रात पट्टे सरकताना दिसतात. पन्नासाव्या भागात हे लुकलुकणे बरोबर दोनदा बसते आणि पट्टे जातात. वीज ६० आवर्तनांची असलेल्या अमेरिकेतले शिकवणीचे व्हिडिओ बघून तिथले आकडे जसेच्या तसे उचलले, की इथे घोटाळा होतो तो यामुळेच.

फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' नावाचे ॲप फुकट मिळते, त्यात सारे हाताने ठरवता येते. कडक उन्हात मात्र पन्नासाव्या भागाने चित्र पांढरेफटक पडेल. तिथे भिंगावर काळसर काच, म्हणजे एनडी फिल्टर लावावा लागतो. तो नसेल तर सावलीत जावे.

सिनेमात मागचे सारे धूसर असते, फोनमध्ये नसते, ही मुलांची मोठी तक्रार. म्हणून फोनच्या कंपन्यांनी मागचे चित्र गणिताने पुसट करण्याची सोय दिली. २०२१मध्ये आयफोन १३ सोबत आलेल्या अशा सोयीचे नावच 'सिनेमॅटिक' आहे. पण केसांच्या कडा, चष्म्याची काडी, बांगडीतली पोकळी इथे हे गणित अजूनही चाचपडते. त्यापेक्षा आजीला भिंतीपासून जितके पुढे आणता येईल तितके आणावे, आपण दोन पावले मागे जावे आणि फोनला दुसरे, लांबचे भिंग असेल तर ते वापरावे. जवळ जाऊन रुंद भिंगाने काढलेल्या चेहऱ्याचे नाक मोठे आणि कान छोटे दिसतात. आजीला तिचे चित्रण आवडत नाही, त्यामागे बरेचदा हेच असते. त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर तर आधीच बंद करावा. ऐंशी वर्षांच्या बाईच्या सुरकुत्या पुसून काय उरणार?

आणि मागे काय दिसते ते बघावे. सिलिंडर, कॅलेंडर, प्लॅस्टिकची बादली, चार्जरची लोंबती वायर. सिनेमात कला दिग्दर्शक असतो तो यासाठीच. सगळे हलवायचे नाही, नाही तर घर घर राहत नाही. डोळा ओढून घेणारे तेवढेच दूर करावे.

हात आवरणे

नवशिक्याचा कॅमेरा पाळण्यासारखा हलत असतो. पोळीवरून आजीवर, आजीवरून दाराकडे, पुन्हा पोळीवर. त्याऐवजी फोन ट्रायपॉडवर, तो नसेल तर पिठाच्या डब्यावर टेकवून एकच गोष्ट दहा सेकंद न हलता बघावी. आधी हात. मग चेहरा. मग तव्यावर फुगणारी पोळी. मग दारातून दिसणारे अख्खे स्वयंपाकघर. हे चार तुकडे नंतर जोडले की गोष्ट तयार होते.

न हलणाऱ्या कॅमेऱ्याचे बळ आपल्याकडे पहिल्यांदा ओळखले ते दादासाहेब फाळके यांनी. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) साठी भांडवल मिळवायचे होते आणि सावकाराला सिनेमा म्हणजे काय हे दाखवायचे होते. फाळके यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि थोडे थोडे चित्रण करत राहिले. पडद्यावर बघता बघता अंकुर फुटून वेल वाढू लागला. 'अंकुराची वाढ' या एवढ्याशा फितीने पैसे उभे राहिले. कुंडी आणि धीर एवढ्यावरच काम भागले होते. राय यांनाही धीर धरावा लागला. 'पाथेर पांचाली'तल्या काश गवताच्या शेतात एक दिवस चित्रण झाले. पुढच्या खेपेला येऊन बघतात तो गुरांनी सारा फुलोरा फस्त केलेला. पुढच्या मोसमापर्यंत थांबून मगच उरलेला प्रसंग पुरा झाला.

आवाजाकडे तर कोणी बघतच नाही. प्रेक्षक धूसर चित्र सोसतो, पण शब्द कळले नाहीत की उठून जातो. शॉन बेकर यांचा 'टँजरीन' (२०१५) हा चित्रपट आयफोन ५एसवर चित्रित झाला, याचा दाखला मुले नेहमी देतात आणि तो खराही आहे. पण त्या फोनवर रुंद पडद्याचे खास भिंग लावले होते, उजेड आणि फोकस हाताने ठरवले होते आणि ध्वनिमुद्रण फोनवर नव्हे, तर वेगळ्या व्यावसायिक यंत्रावर झाले होते. हा शेवटचा भाग सांगताना गळतो. घरात एवढे करावे: पंखा बंद, मिक्सर बंद, कुकरची शिट्टी होऊन गेल्यावर सुरुवात, आणि आजीच्या पदराला एक छोटा माइक. कोणी बोलत नसताना खोलीचा नुसता आवाज मिनिटभर वेगळा मुद्रित करून ठेवावा. जोडकामात तुकड्यांमधल्या फटी त्याने बुजतात.

वर-खाली काळ्या पट्ट्या लावून, सावल्या निळ्या आणि चेहरे नारिंगी करून सिनेमा होत नाही. तो नुसता वेश आहे. रंग सुधारायचे तर 'दाविंची रिझॉल्व्ह' या जोडकामाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती नवशिक्याला वर्षभर पुरून उरते. त्यातही आधी सगळ्या तुकड्यांतला चेहरा एकसारखा दिसेल इतपतच हात चालवावा.

मग कॅमेरा घेऊन द्यायचा की नाही? पहिल्या सहा महिन्यांत नको. एक मजबूत ट्रायपॉड, एक तारेचा माइक, पांढरी चादर आणि पुठ्ठा, हे सारे मिळून त्या कॅमेऱ्याच्या किमतीचा अगदी लहानसा भाग होतो. सहा महिन्यांनी मुलाला विचारावे की तुला नेमके काय जमत नाही. "रात्री हळदीच्या मांडवात चित्र दाणेदार येते," किंवा "लांबच्या माणसाचा चेहरा भरून घेता येत नाही," असे नेमके उत्तर आले तर कॅमेऱ्याची वेळ झाली आहे. तेव्हाही यंत्र जुने, वापरलेले चालेल. जास्तीचा पैसा भिंगावर घालावा, कारण कॅमेरा बदलला तरी त्याच जातीच्या यंत्रावर ते भिंग पुढे चालते. उत्तर अजूनही "सिनेमासारखे दिसत नाही" एवढेच असेल, तर आणखी एक महिना खिडकीपाशी काढू द्यावा.

मधल्या काळात आजीची पुरणपोळी मात्र होळीपर्यंत लांबणीवर टाकू नये. चित्रण झाले की त्याच दिवशी फोनमधून काढून दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावे, आणि फाइलला आजीचे पूर्ण नाव, तारीख आणि गाव द्यावे.